एका दिरहमची रायफल

“येस,” कुशल म्हणाला.

काचेपलीकडच्या पोलीस बाईंनी प्रश्न विचारला होता तो अगदी सवयीच्या सुरात, स्क्रीनवरून नजर न काढता. कुठल्या देशात गुन्हा नोंदला गेलाय का, कधी अटक झालीय का, कुणी तक्रार केलीय का, घरात भांडणावरून कधी पोलीस आलेत का. कुशल एका तालात नो, नो, नो म्हणत गेला होता आणि शेजारी उभ्या असलेल्या मृणालिनीच्या मनाने तो ताल इतका पक्का धरला होता, की मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतलेत का, या प्रश्नाचा ‘नो’ तिने आधीच ऐकून टाकला होता. जिना संपला असं समजून निर्धास्त टाकलेला पाय आणखी एका पायरीवर आदळावा, तसा तो ‘येस’ तिला गुडघ्यात लागला. आता बाईंची बोटं थांबतील, त्या मान वर करतील, तिच्या पोराकडे नीट बघतील, या अपेक्षेने ती काचेतून त्या बोटांकडेच पाहत राहिली. बोटं थांबली नाहीत. मेंदी फिकट होत आलेली, नखं नीट कापलेली ती तरुण बोटं टाइप करत राहिली. “कुठे?” “पुणे. इंडिया.” “औषध चालू आहे?” “येस. स्मॉल डोस.” “डॉक्टरचा रिपोर्ट आणावा लागेल. मेडिकल पॅनेल बघेल. ओके?” “ओके,” कुशल म्हणाला. बँकेत पत्ता बदलून घ्यावा, इतक्या साध्या आवाजात. चोवीस वर्षांचा, तिच्याहून हातभर उंच, दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या कंपनीचं निळ्या पट्टीचं ओळखपत्र अजून गळ्यात तसंच राहिलेला तिचा मुलगा.

वास्तविक येताना गाडीत तिने त्याला सांगितलं होतं. सरळ तोंडाने नाही. शेख झायेद रोडवर डावीकडच्या लेनमधल्या एका ट्रककडे बघत सांगितलं होतं. “ते काय काय विचारतात रे. पुण्यातलं ते पुण्यातलं आहे. इथे त्याची कुठे नोंद नाही. विचारलं तर नाही म्हण आणि मोकळा हो.” कुशल “ओके” म्हणाला. हाच ओके. एवढ्याशा शब्दात त्याचं हो असतं की नुसतं ऐकलं असतं, हे तिला चोवीस वर्षांत कळलेलं नव्हतं, पण सोयीचं होतं म्हणून तिने त्याचा अर्थ हो असा घेतला. आणि हे सांगणारी कोण, तर मृणालिनी! रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरसुद्धा पादचाऱ्यांचा दिवा हिरवा होईपर्यंत थांबणारी, जिच्याबद्दल शैलेंद्र चारचौघांत म्हणायचा, “आमच्या बायकोच्या हातून काही चुकलंच, तर पोलीसच हिची माफी मागतील.” आज कुशलच्या नावावर करून द्यायची ही रायफल पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिने मायदेशी निघालेल्या एका इंग्रज बाईकडून घेतली होती, तेव्हा तिचीही अशीच तपासणी झाली होती. सांगलीच्या पोलीस ठाण्यातून दाखला आला, इथल्या पोलिसांचा आला, ‘कोणतीही नोंद नाही.’ दुसऱ्या कुणाला त्या कागदात काय वाटलं असतं? तिला मात्र तो पदवीसारखा वाटला. सांगलीत एनसीसीच्या मैदानावर पालथं पडून पहिली गोळी झाडली, त्या दिवसापासून आपण कुणाला ओरखडाही काढलेला नाही, हे दोन देशांनी सही-शिक्क्यानिशी मान्य केलंय! तिने तो कागद शैलेंद्रला दाखवला, सासूबाईंना फोनवर वाचून दाखवला. बंदूक हातात घेण्याचा अभिमान तिला कधीच नव्हता. बंदूक हातात द्यावी अशी आपण बाई आहोत, याचा होता. आणि त्याच बाईने आज ट्रककडे बघत मुलाला खोटं बोलायला सांगितलं होतं.

“मामा,” बाईंनी आता तिला हाक मारली. इथे मोठ्या वयाच्या बाईला अशी हाक मारतात. पहिल्या वर्षी मृणालिनीला ती विचित्र वाटली होती, आता नाही वाटत. “मामा, प्राइस लिहिली नाही.” “गिफ्ट आहे,” मृणालिनी म्हणाली, “माझा मुलगा आहे तो.” बाई हसल्या. गिफ्ट असा रकानाच नव्हता. आईने मुलाला दिली काय किंवा परक्याने परक्याला विकली काय, मालक बदलला म्हणजे विक्री. तपासणी तीच, फी तीच, आणि अर्ज नाकारला गेला तरी फी परत मिळत नाही, हेही बाईंनी ठेवणीतल्या हिंदीत समजावलं. “कुछ तो लिखो. वन दिरहम लिखो.” मृणालिनीने एक दिरहम लिहिला. मनातल्या मनात चोवीसेक रुपये झाले, सवयीने. चोवीस रुपयांची जर्मन रायफल. फी तिच्या कित्येक पट. एरवी ती आणि कुशल यावर खो खो हसली असती. “आणि शेवटचं,” बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. “तुम्ही विकणाऱ्या. खरेदी करणाऱ्याचं उत्तर तुम्ही ऐकलंत. तुमची काही हरकत आहे? असेल तर आत्ता सांगा. खलास, अर्ज इथेच थांबेल, कारण द्यावं लागणार नाही.” कुशल भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, मुद्दाम, तिला मोकळं वाटावं म्हणून. “हरकत नाही,” मृणालिनी म्हणाली. विचार करायच्या आधी म्हणाली आणि म्हटल्यावर दचकली. एवढ्या मोठ्याने म्हणायचं कारण नव्हतं. मागच्या खुर्चीवरचा माणूससुद्धा वळून बघायला लागला होता.

खरं तर रायफल द्यायची वेळ इतक्या लवकर यायला नको होती. गेल्या हिवाळ्यात क्लबमध्ये नेम धरताना नळीच्या टोकावरच्या कडीच्या ऐन मध्ये धुराचा ठिपका दिसायला लागला. काच पुसली, डोळा पुसला. ठिपका डोळ्याच्या आतच होता. डॉक्टर म्हणाले, आंधळ्या होणार नाही, वाचाल, गाडी चालवाल, एवढंच की उजव्या डोळ्याने जिथे रोखून बघाल, नेमकं तिथलं अंधुक दिसेल. आजूबाजूचं सगळं लख्ख. तिला वाटलं, हे आपल्याला नवीन नाही. पुण्याच्या त्या वर्षी हेच झालं होतं. कुशल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, हॉस्टेलवर. रोज फोन व्हायचे. जेवलास का, जेवलो. झोपलास का, झोपलो. पंचवीस जणांच्या ऑफिसात कुणाचा मूड कसा आहे हे खुर्ची सरकवण्याच्या आवाजावरून ओळखणारी ती, आणि या उत्तरांमधली रिकामी जागा तिला दिसली नाही. शेवटी त्याच्या खोलीतला रोनित चाचरत म्हणाला, “आंटी, तो रूममधून बाहेरच येत नाहीये. तुम्ही या.” ती गेली तेव्हा कुशल भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने वळून बघितलं नाही. त्याची नखं वाढली होती. काय बोलावं हे सुचेना, म्हणून तिने पर्समधून नेलकटर काढलं आणि पलंगाच्या कडेला बसून त्याचा एकेक हात मांडीवर घेऊन नखं कापली, लहानपणी आंघोळीनंतर कापायची तशी. डाव्या हाताची करंगळी झाली तेव्हा तो रडला. मग कोथरूडमध्ये भाड्याची खोली, तिथले शांत, जाड चष्म्याचे डॉक्टर, गोळ्या, सकाळचं चालणं, आणि ‘आज मला डिप्रेशन आलंय’ असं ऑफिसात सगळे चहा संपल्यावरही म्हणतात तो शब्द, ज्याचा खरा चेहरा तिला तेव्हा कळला. तो कुठल्याही चेहऱ्यासारखा नव्हताच. ओल्या कांबळ्यासारखा होता.

त्याला दुबईला आणलं तेव्हा तिने शैलेंद्रच्या बीपीच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या. बाल्कनीच्या दाराची किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. आणि एका सकाळी कामावर जाण्याआधी वाट वाकडी करून ती क्लबवर गेली. रायफल घरी नसायचीच, क्लबच्या आर्मरीत कुलपात असायची. पण आर्मरीचा राखणदार अफनान कुशलला तो आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून ओळखायचा. शनिवारी सकाळी आईबरोबर येणारं, एअर रायफल हातात धरली की डोंगरासारखं स्थिर होणारं पोर. श्वास सोडता सोडता मध्येच तो असा थांबवायचा, की मृणालिनीला हेवा वाटायचा. ही गोष्ट शिकवून येत नाही. अफनान पाकिस्तानातल्या स्वातचा, दाढी पांढरी झालेला, कमी बोलणारा. त्याला ती हिंदीत म्हणाली, “कुशल अकेला आए तो अंदर मत छोड़ना. मेरा नाम ले, तब भी नहीं.” अफनानने कारण विचारलं नाही. “समझ गया, बहन,” म्हणाला आणि चाव्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. हे तिने कुणालाच सांगितलं नाही, शैलेंद्रलाही नाही. मुलगा बरा झाला, कॉलेज इथेच पुरं केलं, नोकरीला लागला, शनिवारी पुन्हा तिच्याबरोबर रेंजवर यायला लागला, आणि अफनानला दिलेला तो हुकूम मात्र तिच्या आत कुठेतरी तसाच कुलपात राहिला. पोटच्या पोराच्या पाठीमागे त्याच्यावर पहारा बसवलेली आई! कधी भाजी चिरताना, कधी सिग्नलला, तो हुकूम आतून दार वाजवायचा. आज ती त्याला रायफल देत होती, त्यात डोळ्याचं कारण खरं होतं; पण त्या हुकमाची भरपाई करायची होती, हेही खरं होतं. आणि ती भरपाई सुरळीत व्हावी म्हणूनच तर त्याला खोटं बोलायला सांगितलं होतं.

बाहेर मोकळ्या मैदानातल्या पार्किंगमध्ये गाडी भट्टीसारखी तापली होती. एसी पूर्ण सोडून दोघं तशीच बसून राहिली. स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता.

“आई, तू रागावलीस?”

“नाही.”

“यू आर.”

“मी तुला सांगितलं होतं कुशल.”

“हो. अँड आय सेड ओके. मी ठरवूनच आलो होतो की नो म्हणायचं.” तो समोरच्या काचेतून कुंपणापलीकडच्या रस्त्याकडे बघत बोलत होता. मराठी बोलताना तो नेहमी थोडा हळू बोलायचा, शब्द उचलून बघून ठेवल्यासारखा. “पण तिने विचारलं ना, तेव्हा मला वाटलं, इथे नो म्हटलं की मग नेहमीच नो म्हणायला लागणार. ते झालं, आई. इट हॅपन्ड. आणि मी त्यातून बाहेर आलो, तेही हॅपन्ड. पहिलं झालंच नाही असं म्हटलं, तर दुसरंही झालं नाही असं होतं ना? आणि दुसरं… आय वर्क्ड रिअली हार्ड फॉर दॅट.”

मृणालिनीला वाटलं, हे आपण कधी शिकवलं? कुठल्या वयात? आपण तर डबा, गणित, श्लोक, शिस्त एवढंच शिकवलं. तेवढ्यात कुशल म्हणाला, “आणि अफनान अंकलनी मला सांगितलं होतं.”

“काय?” तिने विचारलं. विचारताना तिला माहीत होतं काय ते.

“त्या वर्षी मी गेलो होतो क्लबला. एकटा. टॅक्सी घेऊन. मला माहीत नाही मी कशाला गेलो होतो. ऑनेस्टली. अजूनही माहीत नाही. अंकल दारात उभे राहिले. म्हणाले, ‘बेटा, तेरी माँ ने मना किया है. बैठ, चाय पी.’ लपवलं वगैरे काही नाही. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो आणि चहा प्यायलो. फार गोड होता. त्यांनी मला त्यांच्या गावातल्या नदीबद्दल सांगितलं. आणि मला वाटलं, ओके. कुणीतरी बघतंय. मला वाटत होतं मी कुणाला दिसतच नाहीये, अँड यू हॅड ऑलरेडी सीन. मग मी घरी आलो. तू पोळ्या करत होतीस.”

ती संध्याकाळ तिने आठवून पाहिली. नाही आठवली. त्या दिवसांतल्या सगळ्या संध्याकाळी पोळ्यांच्याच होत्या. कुठल्यातरी एका संध्याकाळी तो दारातून आत आला होता, चपला काढल्या होत्या, कदाचित तिने ‘हात धू’ म्हटलं असेल, आणि तिच्या पाठीमागे तो मृत्यूच्या अंगणातल्या बाकावर चहा पिऊन परत आलेला होता, हे तिला लाटण्याच्या आवाजात कळलं नव्हतं. तिचे हात मांडीवर थरथरायला लागले; पंचवीस वर्षं नेम धरलेले हात. त्याने ते पाहिलं आणि त्यांच्यावर आपला पंजा ठेवला. नुसता दाबून धरला, आणि तिच्या लक्षात आलं की त्याचा हात अजिबात हलत नाहीये. त्या क्षणी भीतीच्या जागी दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. आधी तिला ते ओळखू येईना. कृतज्ञता नव्हे, सुटकाही नव्हे. पोटातून, बेंबीच्या मागून येणारी ऊब होती ती. त्याच्या जन्माच्या दिवशी नर्सने त्याला प्रथम हातात दिला, तेव्हा बाकी सगळ्या वेदनेच्या वर तरंगत आली होती तशी. हा माझा आहे, याची नव्हे. हा असा आहे, याची.

पॅनेलपुढे तो एकटाच गेला. तिने बरोबर आत यायचं म्हटलं, तर म्हणाला, “आई, दे आर नॉट चेकिंग यू टुडे,” आणि हसला. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये ती एका फिलिपिनो नर्सशेजारी बसून राहिली. आत काय विचारतील, तो काय सांगेल, याची चित्रं मनात लावून बघायची तिची जुनी सवय. पण त्या दिवशी चित्रं लागेनात. तिला फक्त त्याची पाठ दिसत राहिली, सरळ, दार ढकलून आत जाणारी. पुण्याच्या भिंतीकडे वळलेली पाठ हीच होती, हे तिला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं. बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाला काखेत घाम आला होता, चेहरा मात्र मोकळा होता. “छान होत्या डॉक्टर. त्यांनी विचारलं, रायफल कशाला हवी? मी म्हटलं, मला नकोय, मला आईबरोबरचे शनिवार हवेत.” “मग?” “मग त्यांनी लिहून घेतलं.”

काही दिवसांनी फोनवर मेसेज आला. अर्ज नामंजूर. औषध पूर्ण थांबल्यानंतर ठरावीक काळ गेला, की पुन्हा अर्ज करता येईल. फी पुन्हा भरावी लागेल. शैलेंद्रने देराच्या ऑफिसातूनच फोन लावला. त्याच्या एका ग्राहकाचा मेहुणा कुणीतरी मोठा होता. थोडा वासता, म्हणजे आपला वशिला, लावू, दोन शब्द टाकू, इन्शाल्ला होऊन जाईल. मृणालिनीच्याही जिभेवर हो आलं होतं. खरं बोलल्याची ही शिक्षा? ज्यांनी लपवलं असेल, ते आज कुलपाची किल्ली खिशात घेऊन हिंडत असतील! संध्याकाळभर ती स्वयंपाकघरात भांडी आदळत होती. “नो वासता, बाबा,” कुशल म्हणाला. “त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या खुर्चीत असतो तर हेच केलं असतं. आईने केलंच होतं.” शैलेंद्रला शेवटच्या वाक्याचा अर्थ लागला नाही. तिला लागला. जे तिला इतकी वर्षं आतून खात होतं, ते त्याने ताटातल्या मिठासारखं साधेपणाने पुढे सरकवलं होतं. हातातलं पातेलं तिने हळूच खाली ठेवलं. त्या संध्याकाळी तिने शैलेंद्रला अफनानची गोष्ट सांगितली. आणि कुशल तिथेच बसून, तिचं राहिलेलं पुरं करत गेला.

रायफल इनायाला द्यावी हेही कुशलनेच सुचवलं. इनाया क्लबमधली, कॉलेजला जाणारी, जिद्दीची मुलगी. तिची आई मुनिबा शाळेत शिकवायची आणि मुलीला उसन्या रायफलवर खेळताना बघून कळवळायची. पुन्हा तोच काउंटर, तेच प्रश्न, तीच फी. इनाया प्रत्येक प्रश्नाला नो म्हणत गेली आणि ते सगळे नो खरे होते. हस्तांतराच्या दिवशी कुशलही आला होता. रेंजवर इनायाच्या पहिल्या गोळ्या खालीच लागायला लागल्या, तेव्हा तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. “डोन्ट होल्ड युअर ब्रेथ. लेट इट गो, अँड स्टॉप हाफवे.” रायफलला त्याने बोटही लावलं नाही, लावायचं नाही हा नियम होता. हात पाठीमागे एकात एक गुंफून तो उभा होता आणि मुनिबा मृणालिनीच्या कानात म्हणाली, “आपका बेटा तो पैदाइशी कोच है.”

आणि मग त्या शनिवारी अनुराधाकडे जेवण होतं. महिन्यातून एकदा पाच-सहा मराठी घरं जमायची. अनुराधाचा मसालेभात, कुणाची कोशिंबीर, कुणाचं श्रीखंड. मुलांचा विषय निघाला की अशा वेळी एक विशिष्ट आवाज लागतो, थोडा बेफिकीर, थोडा चढा. मुग्धाने रेयांशच्या प्रमोशनचं सांगितलं. दुसऱ्या कुणी सृष्टीला टोरांटोला मिळालेल्या स्कॉलरशिपचं सांगितलं, आणि डॉलरचे दिरहम, दिरहमचे रुपये करून झाले. कुशल खिडकीशी ताट घेऊन बसला होता. “अगं मृणालिनी,” अनुराधा वाढता वाढता म्हणाली, “तुझी ती रायफल कुणा पाकिस्तानी मुलीला विकलीस म्हणे? मला वाटलं, कुशललाच देणार तू.”

“अगं, ते कागदपत्रांचं…” मृणालिनीने सुरुवात केली. जीभ आपोआप त्या वाटेने निघाली. याच मंडळींना तिने त्या वर्षी ‘टायफॉइड उलटला’ असं सांगितलं होतं, आणि अनुराधाने रोज मऊ खिचडीचा डबा पाठवला होता. वाटेतच ती थांबली. कुशलकडे तिने पाहिलं नाही. परवानगी घ्यायला हवी होती, असं नंतर तिला वाटलं, पण तेव्हा वाटलं नाही.

“कुशललाच देत होते,” ती म्हणाली. “त्यांनी अर्ज नामंजूर केला. कॉलेजात असताना त्याला डिप्रेशन झालं होतं. टायफॉइड नव्हता तो, अनुराधा. काउंटरवर त्यांनी विचारलं. इथे कुणालाच माहीत नव्हतं, नाही म्हणाला असता तर चाललं असतं. मीच त्याला नाही म्हण म्हणून शिकवून नेलं होतं. त्याने सरळ हो म्हटलं.”

पळी हातात तशीच धरून अनुराधा उभी राहिली. कुणीतरी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. खिडकीशी कुशलने मान वर केली, आईकडे बघितलं, आणि घास तोंडात ठेवून “इट्स ट्रू” अशी मान हलवली. त्या शांततेत मृणालिनीला आपलाच आवाज पुन्हा ऐकू आला, आणि तो तिने ओळखला. थोडा चढा, थोडा बेफिकीर. पोरांच्या स्कॉलरशिपा आणि प्रमोशनं सांगताना या खोलीत लागतो, तोच आवाज. तो खाली आणावा असं तिला मुळीच वाटलं नाही.